निकोडेमस: कॅन्ससच्या माळावरचं गाव आणि त्याची माणसं

रानवाट (धागाकर्ती)

अमेरिकेचा 'वेस्ट' म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भर दुपारी समोरासमोर उभी ठाकलेली दोन माणसं येतात, कमरेला पिस्तुलं लावलेली. माझी तक्रार एवढीच की या धुमश्चक्रीत गाव कुठे दिसतच नाही. नांगर दिसत नाही, शाळा दिसत नाही, जमिनीचा कागद दिसत नाही. म्हणून हा धागा अशा एका गावावर, जिथली सगळी लढाई कागदांवर झाली. आधी जाहिरातीचा कागद, मग जमिनीच्या दाव्याचा, मग मतपत्रिका आणि शेवटी रेल्वेचे रोखे.

गावाचं नाव निकोडेमस. वायव्य कॅन्ससमध्ये, ग्रॅहम काउंटीत, सोलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ. ते वसलं १८७७ मध्ये. वसवणारे कृष्णवर्णीय, बहुतेक केंटकीचे, आणि त्यातले कितीतरी बारा वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेतली राज्यं देशातून फुटली, केंटकी फुटून निघालं नव्हतं, त्यामुळे लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा तिथे लागूच नव्हता. १८६५ च्या डिसेंबरात गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती झाली तेव्हा कुठे तिथली माणसं सुटली. सुटली म्हणजे मालकाच्या दारातून सुटली, शेतातून नाही. जमीन जुन्या मालकांकडेच राहिली आणि कालचा गुलाम आज त्याच शेतात वाट्याने राबू लागला. १८७७ मध्ये केंद्र सरकारने दक्षिणेतलं सैन्य काढून घेतलं आणि होता नव्हता तो आधारही गेला.

तिकडे कॅन्ससमध्ये १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर जमीन मिळत होती. पाच वर्षं राहा, कसा, किरकोळ शुल्क भरा, जमीन तुमची. कायद्यात रंगाची अट नव्हती. डब्ल्यू. आर. हिल नावाचा गोरा जमीन-दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी मिळून एप्रिल १८७७ मध्ये निकोडेमस टाउन कंपनी काढली. स्मिथ अध्यक्ष, हिल खजिनदार. केंटकीतल्या चर्चांमधून पत्रकं वाटली गेली. सुपीक जमीन, निरोगी हवा, वसाहतीचं सभासदत्व ५ डॉलर.

सप्टेंबरात केंटकीहून तीनशेच्या वर माणसं निघाली. रेल्वे एलिसपर्यंत. तिथून पुढे सुमारे ५५ किलोमीटर चालत, दोन दिवस. पोचल्यावर दिसलं काय? काहीच नाही. आधी आलेली थोडी कुटुंबं जमिनीत बिळं खणून राहत होती.

पुढच्या वसंतात आणखी एक तांडा आला. त्यात विलियाना हिकमन होत्या. त्यांच्या मुक्कामात एलिसला मुलांना गोवर निघाला, काही मुलं तिथेच पुरून पुढे निघावं लागलं. त्यांनी नंतर सांगितलेली हकिगत प्रसिद्ध आहे. बरोबरचे पुरुष ओरडले, ते बघा निकोडेमस! या आजारी होत्या, नाव ऐकून बरं वाटलं, डोळे ताणताणून पाहिलं आणि म्हणाल्या, कुठाय? मला तर दिसत नाही. नवऱ्याने जमिनीतून ठिकठिकाणी वर येणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं. ते निकोडेमस. बाई रडायला लागल्या.

ही बिळं, म्हणजे 'डगआउट', अशी असत: टेकाडाच्या उतारात आडवं खणायचं, मागच्या भिंतीत चूल आणि धुराडं, वर फांद्यांच्या तुळया, त्यावर झुडपं, त्यावर मुळांसकट कापलेले मातीचे ढेकूळ. समोरची भिंतही त्याच ढेकळांची, एक दार, जमलं तर एक खिडकी. पावसात छत गळायचं, उन्हाळ्यात छतातून साप उतरायचे. झाडं फक्त नदीकाठी, त्यामुळे जळण म्हणजे सूर्यफुलाची वाळकी ताटं आणि गुरांच्या शेण्या.

बाकी माणसांबद्दल प्रतिसादांत लिहिते. त्यातला मॅककेब हा राजकारणी तर स्वतंत्र धागा मागतो.

सोलापुरी_चादर

वाचनखूण साठवली. शेण्यांपाशी थांबून परत वाचलं.

एक विचारू का ताई, बैल-नांगर होता का त्यांच्याकडे? नुसती जमीन मिळून काय होतं? आमच्याकडे पडीक रान मोडायचं म्हटलं तर आजही ट्रॅक्टरवाला दुप्पट मागतो.

रानवाट

@सोलापुरी_चादर, मुद्द्यावर बोट ठेवलंत. कायदा जमीन देतो, औत देत नाही. पहिल्या वर्षी गावात घोडे बोटांवर मोजण्याइतके. माणसं कुदळ-फावड्याने जमीन उकरत होती. एकाने दुभती गाय नांगराला जुंपली. आणि हा गवताळ माळ म्हणजे शतकानुशतकं न मोडलेलं रान, मुळं अशी गुंतलेली की पोलादी फाळही मुश्किलीने शिरायचा. कुदळीने माणूस किती उकरणार? घरटी एखाद-दोन एकर, तेवढंच.

मग पुरुष बाहेर पडले. कुणी रेल्वेच्या कामावर, कुणी पूर्व कॅन्ससमध्ये मजुरीला. बायका-पोरं दाव्याच्या जमिनीवर, कारण राहिलात नाही तर दावा जातो. गोऱ्या शिकाऱ्यांनी मारून टाकलेल्या बायसनांची हाडं माळावर पडलेली असत, ती गोळा करून खतासाठी विकायची.

पहिल्या हिवाळ्यात एमा विल्यम्स नावाच्या बाईने डगआउटमध्ये राहून बाळ वाढवलं. सप्टेंबरच्या तांड्यातून दिवस भरत आलेले असताना ती चालत आली होती. पोचून थोड्याच दिवसांत मुलगा झाला, हेन्री. गावात जन्मलेलं पहिलं मूल. त्याच हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूलनिवासी जमातीच्या लोकांनी आपल्याजवळचं मांस आणि अन्न वाटून दिलं, अशी आठवण गावात पिढ्यान्पिढ्या सांगतात.

काडीबहाद्दर

म्हणजे हिलसाहेब आद्य बिल्डर! ब्रोशरमध्ये क्लब हाउस, साइटवर खड्डा. 😀 त्याला कुणी झोडपला नाही का?

रानवाट

झोडपायचं सोडा, फाशी द्यायला निघाले होते म्हणतात. सप्टेंबरच्या तांड्यातली पन्नास-साठ कुटुंबं लगेच उलट फिरली. हिल काही काळ लपून राहिला.

पण तो पैसे घेऊन पळाला नाही, हेही लिहायला हवं. त्याच काउंटीत राहिला, पश्चिमेला जवळच दुसरं गाव काढलं, त्याला स्वतःचं नाव दिलं: हिल सिटी. पुढे काउंटीचं मुख्य ठाणं तेच झालं. माझं मत: माणूस नफेखोर होता, पण केवळ ठग नव्हता. त्या काळी कॅन्ससमध्ये गाव काढणं हा धंदाच होता. प्लॉट विका, रेल्वे येईल म्हणा, आली तर श्रीमंत. गोऱ्यांच्याही शेकडो वसाहती अशाच कागदावर उभ्या राहिल्या आणि कागदावरच मेल्या. फरक इतकाच की या माणसांना परत जायला जागा नव्हती, आणि हे हिलला माहीत होतं. त्याची ही बाजू मला माफ करता येत नाही.

कंपनीचे चिटणीस सायमन राउंडट्री यांची गोष्ट वेगळी. ते जून १८७७ मध्येच येऊन राहिले होते. गुलामगिरीत असताना वाचायला शिकले म्हणून मालकाने त्यांच्या गालावर डाग दिला होता असं सांगतात. अशा माणसाच्या हातात वसाहतीची कागदपत्रं होती.

भीमथडी

उत्तम धागा. दोन गोष्टी.

पहिली. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, निग्रो गुलामांना मुक्त केल्याबद्दल. आपल्या शूद्र बांधवांना सोडवण्याच्या कामी देशबांधवांनी तो कित्ता घ्यावा अशी आशाही त्या अर्पणपत्रिकेत आहे. निकोडेमस त्यानंतर चारच वर्षांनी. त्यामुळे 'मराठी संस्थळावर कॅन्सस कशाला' असं कुणी विचारायच्या आत सांगून ठेवतो, हा आपला विषय आहे. मुक्ती झाली, पुढे काय, या प्रश्नाचं उत्तर ही माणसं कुदळीने शोधत होती. आपल्याकडे दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच प्रश्नावर. पडीक सरकारी जमीन आम्हाला द्या, एवढीच मागणी.

दुसरी गोष्ट मात्र खटकते. ती 'मोकळी' जमीन आली कुठून? ओसेजांनी अन्न दिलं हे छान, पण त्यांनाच काही वर्षांपूर्वी कॅन्ससमधून हाकलून दक्षिणेला इंडियन टेरिटरीत पाठवलं होतं. शाएन, पॉनी या जमाती, सगळ्यांचं हेच. एकाला न्याय देताना सरकारने खिशातून काहीच काढलं नाही, दुसऱ्याच्या ताटातलं उचललं.

रानवाट

@भीमथडी, दुसऱ्या मुद्द्यावर पूर्ण सहमत. सरहद्द म्हणजे रिकामी जागा नव्हे, रिकामी करून घेतलेली जागा. फक्त एक जोडते. होमस्टेडखाली वाटलेल्या जमिनीतला फार मोठा वाटा गोऱ्या कुटुंबांना गेला, शिवाय रेल्वे कंपन्यांना सरकारने फुकट दिलेल्या जमिनी वेगळ्याच. तेव्हा हिशेब मागायचा तर रांगेत निकोडेमस बरंच मागे उभं आहे.

निमा

रानवाट ताई, त्या माळावर पहिली काही वर्षं तगले कसे? आणि मदत वगैरे मिळाली का बाहेरून?

रानवाट

मिळाली, आणि त्यावरून भांडणंही झाली. पूर्व कॅन्ससमध्ये फिरून काही जणांनी धान्य, कपडे, बियाणं जमवून आणलं. त्यात पुढे होता जॉन नाइल्स. बोलण्यात भलता वस्ताद. मदतीच्या वाटपात हात मारतो अशी कुरकुर त्याच्याबद्दल होती. पुढे, नसलेल्या मक्यावर कर्ज काढल्याचा खटला त्याच्यावर झाला, तेव्हा स्वतःच उभा राहून असं भाषण ठोकलं म्हणतात की ज्यूरीने सोडून दिलं. खरं-खोटं किती ते असो, गाव म्हटलं की असा एक इसम लागतोच.

दुसरीकडे गावातल्याच पुष्कळांना वाटत होतं की हे मागणं थांबलं पाहिजे, नाहीतर आपण भिकारी म्हणून ओळखले जाऊ. १८७९ मध्ये ती व्यवस्था त्यांनी स्वतःच मोडली. माझ्या मते गावाचा खरा जन्म तेव्हाचा.

त्याच साली शाळा रीतसर सुरू झाली, काउंटीतली पहिली शाळा-जिल्हा क्रमांक १. आधी ती डगआउटमध्येच भरत होती. शिकवणाऱ्या जेनी फ्लेचर, स्मिथ अध्यक्षांची मुलगी. तिचा नवरा झॅकरी फ्लेचर पोस्ट, दुकान आणि पुढे हॉटेल चालवायचा. सेंट फ्रान्सिस हॉटेल साधारण १८८० चं. डगआउटपासून तीन वर्षांत हॉटेल!

विचिताकर

मी कॅन्ससमध्येच राहतो, निकोडेमसला जाऊन आलोय. हायवे २४ वर आहे, वेग कमी केला नाही तर गाव मागे निघून जातं. सोलापूरकरांसाठी खास बातमी: आजूबाजूला गहू आणि मिलो. मिलो म्हणजे आपली ज्वारीच! पण कंबरेएवढी बुटकी, कणीस घट्ट, तांबूस, सगळं शेत एका उंचीचं, यंत्राने कापता यावं म्हणून. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये होते. आणि खातं कोण? गुरं आणि इथेनॉलचे कारखाने. भाकरी कुणी करत नाही.

सोलापुरी_चादर

तांबूस ज्वारीची भाकरी मीपण नाही करणार. 😀 पण कडबा? कडब्याचं काय करतात?

विचिताकर

बराचसा रानातच उभा ठेवतात, नाहीतर गुरं सोडतात त्यात. पेंढ्या बांधणारं कुणी नाही.

सोलापुरी_चादर

अरेरे.

रुळावरचा_डबा

रेल्वेचा उल्लेख धाग्यात आला आणि पुढे सरकला, म्हणून घुसतो.

१८८० च्या दशकाच्या मध्यावर निकोडेमस चांगलं बहरलेलं होतं. दोन वर्तमानपत्रं होती, 'वेस्टर्न सायक्लोन' आणि 'निकोडेमस एंटरप्राइझ'. दुकानं, चर्च, बँक, गोरे व्यापारीसुद्धा येऊन राहिलेले. सगळ्यांचे डोळे रेल्वेकडे, कारण धान्य विकायला गाडीने लांबच्या स्टेशनावर न्यायचं तर भाड्यातच नफा जातो.

१८८७ मध्ये लोकांनी मत देऊन मिसुरी पॅसिफिक कंपनीसाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. म्हणजे रूळ आमच्या गावातून न्या, आम्ही पैसे देतो. दहा वर्षांपूर्वी कुदळीने जमीन उकरणाऱ्या माणसांनी! कंपनी आलीच नाही. मग युनियन पॅसिफिक आली, १८८८ मध्ये, पण नदीच्या पलीकडून. काही मैलांवर कामगारांचा तळ पडला, त्याचं झालं बोग नावाचं गाव. निकोडेमसचे व्यापारी दुकानं उचलून बोगला गेले. उचलून म्हणजे अक्षरशः, लाकडी इमारती चाकांवर चढवून ओढून न्यायची तिकडे पद्धत होती.

काळ्यांचं गाव म्हणून टाळलं का? लोक म्हणतात. मला रेल्वेच्या बाजूने वाटतं की चढ, पूल आणि जमिनीचा भाव हेच आधी बघितलं जातं. गोऱ्यांचीही कितीतरी गावं अशीच वाळली.

भीमथडी

@रुळावरचा_डबा, चढ-पूल मान्य. पण वाटाघाटीच्या टेबलावर कुणाची ओळख जास्त, कुणाचा शब्द कंपनीच्या कचेरीत पोचतो, हे चढावर ठरत नाही. 'रंगामुळे' असं कुणी ठरावात लिहून ठेवत नसतं.

रुळावरचा_डबा

लिहून ठेवत नाहीत हे खरं. म्हणूनच मी 'मला वाटतं' म्हटलं. चालू द्या.

निमा

मॅककेब! मॅककेब!

रानवाट

आले आले. एडवर्ड मॅककेब, जन्म १८५० चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावचा. तो गुलाम नव्हता. वॉल स्ट्रीटवर कारकुनी, मग शिकागोत काउंटीच्या खजिन्यात नोकरी. १८७८ मध्ये पत्रकार मित्र एब्रम हॉलबरोबर निकोडेमसला आला. कुदळ चालवणाऱ्यांच्या गावात दोन लेखणीवाले. ज्यांना अर्ज भरता येत नव्हते त्यांचे जमिनीचे कागद हे दोघं करायला लागले.

१८८० मध्ये ग्रॅहम काउंटीची रीतसर स्थापना व्हायची होती. त्यासाठी पुरेशी वस्ती आहे हे शिरगणती करून दाखवावं लागे. ते काम हॉलकडे आलं, आणि राज्यपालांनी मॅककेबला काउंटीचा हंगामी क्लार्क नेमलं. पुढे तो निवडूनही आला. ज्या काउंटीत गोरे बहुसंख्य, तिथला दप्तरदार कृष्णवर्णीय!

१८८२ मध्ये रिपब्लिकन पक्षाने त्याला राज्याच्या लेखापालपदाची उमेदवारी दिली. जिंकला. १८८४ मध्ये पुन्हा जिंकला. दक्षिणेबाहेर कुठल्याही राज्यात इतक्या वरच्या पदावर निवडून आलेला कृष्णवर्णीय तोवर नव्हता. वय बत्तीस.

काडीबहाद्दर

आणि आपल्याकडे कायम शेरीफ आणि दरोडेखोर बघायला मिळतात. पुढे काय झालं याचं? चांगलं झालं असं म्हणू नका, मला संशय येतोय.

काळा_कोट

पुढचं मी सांगतो, कारण शेवट कोर्टात आहे.

१८८६ मध्ये पक्षाने त्याला तिसऱ्यांदा उभं केलं नाही. १८९० मध्ये तो ओक्लाहोमा टेरिटरीत (अजून राज्य न झालेल्या प्रदेशात) गेला आणि लँगस्टन गाव वसवण्यात पुढे राहिला. डोक्यात निकोडेमसचीच कल्पना, फक्त मोठी. इतकी कुटुंबं आणायची की ओक्लाहोमा राज्य होईल तेव्हा तिथे कृष्णवर्णीयांचं बहुमत असेल. राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनाही जाऊन भेटला. टेरिटरीच्या सरकारात बरीच वर्षं लेखा खात्यात कामही केलं.

१९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं. विधिमंडळाने पहिलंच विधेयक कुठलं आणलं? रेल्वेत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे डबे वेगळे करण्याचं. त्यात आणखी एक खोच: झोपण्याचे आणि जेवणाचे डबे फक्त गोऱ्यांसाठी ठेवायला कंपन्यांना मुभा, कारण काळ्यांची मागणी कमी.

मॅककेबने इतर चौघांबरोबर दावा लावला. मॅककेब विरुद्ध अचिसन, टोपेका अँड सांता फे रेल्वे. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९१४ मध्ये आला. न्यायमूर्ती ह्यूज यांनी लिहिलं की मागणी कमी हे कारण चालणार नाही, समान वागणुकीचा हक्क हा व्यक्तीचा असतो, माणसं मोजून तो ठरत नाही. वाचणाऱ्याला वाटेल जिंकले! पण पुढे म्हटलं की या पाच जणांनी स्वतः तिकीट मागितलं आणि नाकारलं गेलं असं कुठे दाव्यात दिसत नाही, म्हणून यांना दाद देता येत नाही. दावा फेटाळला.

काडीबहाद्दर

म्हणजे तुमचं बरोबर आहे, घरी जा.

काळा_कोट

अगदी. पण वकिलीत असे हरलेले दावेही कामाला येतात. १९३८ चा एक निकाल बघा. मिसुरी राज्याने लॉइड गेन्स या विद्यार्थ्याला रंगावरून कायद्याच्या शाळेत घेतलं नव्हतं. राज्याचा एक युक्तिवाद हाच की असे विद्यार्थी असून असून किती. तेव्हाही निकाल लिहायला ह्यूजच, आता सरन्यायाधीश. त्यांनी मॅककेबच्या दाव्यातलं ते तत्त्व काढून समोर ठेवलं आणि गेन्स जिंकला. मॅककेब तोवर नव्हता. १९२० मध्ये शिकागोत गेला, हलाखीत. पुरलंय टोपेकाला, जिथे तो लेखापाल होता.

निमा

आणि गाव? गाव संपलं का?

रानवाट

बाजारपेठ संपली, शेती नाही. रेल्वे गेल्यावर दुकानदार गेले, कारण दुकान हलवता येतं. शेतकरी राहिले, आणि काहींनी वाढवलीसुद्धा. आर. बी. स्क्रग्ज हा टेनेसीत गुलाम म्हणून जन्मलेला माणूस, १८७८ मध्ये आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्याकडे ७२० एकर होती. मुक्तिदिनाचा मेळावा त्याच्या राईत भरायचा. हा मेळावा जुलैअखेर-ऑगस्टच्या सुमारास असतो, कारण १ ऑगस्ट हा ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या मुक्तीचा दिवस, १८३४ सालचा. स्वतःच्या देशाच्या तारखेऐवजी ही तारीख त्यांनी धरली, ती अजून चालू आहे.

खरा फटका १९३० च्या दशकात बसला. मंदी, दुष्काळ आणि धुळीची वादळं. १९५० पर्यंत गावात सोळा माणसं, १९५३ मध्ये पोस्ट बंद. त्याच सुमारास या गावात वाढलेला व्हेरिल स्वित्झर १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघात अमेरिकन फुटबॉल खेळायला गेला, खेळाडू निवडीच्या पहिल्याच फेरीत निवडलेला. पुढे विद्यापीठात नोकरी केली आणि गावची शेती ठेवली.

१९९६ मध्ये गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं. पाच इमारती त्यात येतात: टाउनशिप हॉल, दोन चर्च, हॉटेल आणि शाळा.

विचिताकर

जायचं असेल तर जुलैच्या शेवटच्या आठवड्याअखेरीस जा. एरवी दोन-चार गाड्या दिसतील, तेव्हा डेन्व्हरपासून कॅलिफोर्नियापर्यंतची वंशज मंडळी येतात, मिरवणूक असते, जेवणावळी. माहिती केंद्र टाउनशिप हॉलमध्ये आहे, चुनखडीची इमारत, १९३९ ची. उन्हाची टोपी आणि पाणी बरोबर ठेवा, सावली नाही. पेट्रोल हिल सिटीत भरून घ्या.

काडीबहाद्दर

शेवटी पेट्रोल हिलच्याच गावात. 😀 मॅककेबवरचा स्वतंत्र धागा कधी? पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.